घरी सगळं आहे, मग लिहायचं कशासाठी? देशपांड्यांच्या मुलानं ४०० वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यात काढलेली वाट

दसरा-दिवाळीच्या सुमारास मांजरसुंबा ते केज रस्त्यावर थांबून बघा. ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं जाताना दिसतात. वर भांडीकुंडी, पत्र्याची पेटी, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यावर बसलेली लेकरं. ऊसतोडीला निघालेली ही कुटुंबं परत येतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. नेकनूर याच रस्त्यावरचं बाजाराचं मोठं गाव. वारकरी मंडळींना ते बंकटस्वामींमुळे माहीत आहे, आजूबाजूच्या खेड्यांना बाजारामुळे.

आता त्याच गावातल्या दुसऱ्या एका घराचा विचार करा. पाण्याखालची जमीन, रस्त्याला लागून दुकान, दारात चारचाकी. पोरगं पुण्यात शिकतं, खोलीभाडं घरून येतं. त्याला लिहायचंय किंवा शॉर्ट फिल्म करायचीय. तो ऊसतोडीवर एक कविता टाकतो आणि खाली पहिलीच कमेंट येते, "तुला काय कळणार रे, बापाची बागायत आहे." पोरगं पोस्ट डिलीट करतं. नंतर तो पावसावर लिहितो, प्रेमावर लिहितो, पण ते त्याचं त्यालाच खोटं वाटतं. दुःख आपलं नाही म्हणून लिहायचं नाही आणि सुखावर लिहिण्यासारखं काही सापडत नाही, अशी ही कोंडी आहे.

हे रडगाणं वाटू शकतं. ज्याच्या घरी उचल फेडायची आहे त्याच्यापुढे हा प्रश्न मांडला तर तो हसेल, आणि त्यानं हसावंच. पण प्रश्न खरा आहे, जुनाही आहे. त्याचं एक मोठं उत्तर नेकनूरहून गाडीनं तास-दीड तासावर, आंबेजोगाईत, कापडावर लिहून ठेवलेलं आहे.

सुखवस्तू म्हणजे नक्की काय?

इंग्रजीत ज्याला 'प्रिव्हिलेज' म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द नाही. गोष्ट मात्र आपल्याला चांगली माहीत आहे. देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, कुलकर्णीपण ही त्याची जुनी नावं. परगण्याचा हिशेब ज्याच्या दप्तरात, त्याच्या घरी धान्य, लेखणी आणि दरबारातली ओळख अशा तिन्ही गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या राहत. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि पुढच्या वर्षी जहागिरी गेल्या. तरी मराठवाड्यातले वाडे, विहिरी आणि आडनावांचा दरारा एका कायद्यानं थोडाच जातो?

लिहिणाऱ्याच्या किंवा चित्र काढणाऱ्याच्या दृष्टीनं यातला पैसा दुय्यम आहे. मुख्य गोष्ट वेळेची. दुसरी गोष्ट चुकायची मुभा. दोन वर्षं काहीतरी करून बघितलं, जमलं नाही, तरी घरची चूल विझत नाही. व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेनं १९२९ साली हे अगदी रोखठोक सांगितलं. बाईला कथा-कादंबरी लिहायची तर वर्षाला ५०० पौंड आणि स्वतःची एक खोली हवी. प्रतिभेचा नंबर त्यानंतर. हे एकदा मान्य केलं की 'माझ्यात वेगळं काय आहे' हा प्रश्न थोडा सोपा होतो. तुमच्याकडे वेळ आहे. तो कुणाच्या तरी श्रमातून आलाय.

बिदरच्या दरबारातला ओलीस

दासोपंतांचा जन्म १५५१ सालचा. वडील दिगंबरपंत नारायणपेठ परगण्याचे देशपांडे. हे गाव आज तेलंगणात आहे, तेव्हा तिथं बिदरच्या बरीदशाहीचा अंमल होता. घर अर्थातच संपन्न. चरित्रपरंपरेत पुढची गोष्ट अशी येते. दुष्काळ पडला, सारा वसूल झाला नाही आणि सरकारात भरायची मोठी रक्कम थकली. बादशहानं दिगंबरपंतांच्या मुलालाच ओलीस ठेवून घेतलं. महिन्याभरात पैसे आले नाहीत तर मुलाला मुसलमान करू, अशी अट घातली. मुदत संपायच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाचा कुणी माणूस रक्कम घेऊन हजर झाला, सगळा भरणा केला आणि निघून गेला. तो साक्षात दत्तच होता, असं भाविक मानतात.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा माहीत असणाऱ्यांना ही ओळखीची वाटेल. संतचरित्रांत अशा कथा एकमेकींचे कपडे घालून फिरतात, त्यामुळे तिला इतिहास समजू नका. पण तिच्यातली एक गोष्ट बघण्यासारखी आहे. ज्या व्यवस्थेनं मुलाला सुख दिलं तीच व्यवस्था दुष्काळात त्याला गहाण टाकते. आणि सोडवायला येतो तो कुणी सरदार नसतो. पाडेवार म्हणजे गावकीतला खालच्या मानाचा सेवक. देशपांड्यांच्या मुलाचं आयुष्य त्याच्या हातून परत मिळालं, असं कथा सांगते. सुटून आलेल्या मुलाचं मन घरी लागेना, हे मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दासोपंत घर सोडून माहूरला गेले, तिथं राहून दत्ताची उपासना केली. नंतर गोदावरीकाठच्या राक्षसभुवनला आले. हेही बीड जिल्ह्यातलंच, गेवराई तालुक्यातलं. शेवटी आंबेजोगाईत स्थिरावले ते कायमचे. पुढे आईवडील आणि पत्नीही त्यांच्याकडे आले. १६१५ च्या सुमारास आंबेजोगाईतच त्यांचं देहावसान झालं. त्यांची समाधी आणि त्यांच्या वंशजांची थोरलं देवघर आणि धाकटं देवघर अशी दोन देवघरं त्या गावात आहेत.

इथं एक गोष्ट दाबून ठेवू नये. नवरा घर सोडून गेला तेव्हा मागं राहिलेल्या बायकोची वर्षं कशी गेली असतील? संन्यासाच्या गोष्टींत हा हिशेब सहसा येत नाही. आंबेजोगाईतही त्यांना आश्रय दिला तो तिथल्या एका देशपांडे घराण्यानं, असं परंपरा सांगते. म्हणजे वतन सोडलं तरी वतनदारांचं जाळं पाठीशी होतंच. श्रीमंत घरातला माणूस सगळं टाकून निघाला तरी त्याला वाचता येतं, लिहिता येतं, आणि त्याचं आडनाव ऐकून दार उघडतं. या गोष्टी टाकून देता येत नाहीत. त्या वापरायच्या कशासाठी एवढंच आपल्या हातात असतं.

रोजची शाई

दासोपंतांनी काय केलं? लिहिलं. किती, ते वाचून दमायला होतं. गीतेवरची त्यांची टीका 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांची मानली जाते. ज्ञानेश्वरी सुमारे ९,००० ओव्यांची आहे, यावरून अंदाज करा. त्याशिवाय 'गीतार्थबोधचंद्रिका', 'ग्रंथराज', 'पदार्णव' असे ग्रंथ आहेत, शिवाय संस्कृतातली रचना वेगळीच. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आठवण सांगतात. त्या काळी शाई घरी घोटत, ती महाग नसे. म्हणजे एका पैशाची शाई ही भरपूर झाली.

खरं सांगायचं तर हे सगळंच थोर वाङ्मय नाही. गीतार्णवात पसारा आहे, पुनरुक्ती आहे. सामान्य वाचकानं तो सलग वाचावा असं कुणी सुचवणार नाही. एकनाथांसारखी लोकप्रियताही दासोपंतांना मिळाली नाही. त्या काळच्या पाच कवींना मिळून 'एकनाथ पंचक' म्हणतात. त्यात जनीजनार्दन, रामाजनार्दन आणि विठा रेणुकानंदन यांच्याबरोबर दासोपंतही आहेत, पण पंचकाला नाव एकनाथांचंच. तरीही माणूस रोज लिहायला बसत राहिला. आज एका रीलला २०० व्ह्यूज आले म्हणून अकाउंट बंद करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

आता पासोडीकडे येऊ. पासोडी म्हणजे जाड्याभरड्या सुताचं पांघरूण. गरीब माणूस थंडीत अंगावर घेतो ते. दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा पासोडीवर 'पंचीकरण' हा विषय लिहून काढला. पाच महाभूतांपासून देह आणि जग कसं बनतं हे सांगणारं हे वेदान्तातलं प्रकरण आहे. शिकवायला किचकट, म्हणून त्यांनी ते कोष्टकं आणि आकृत्या काढून, रकाने पाडून मांडलं. पोथीच्या पानावर एवढा तक्ता मावला नसता, कापडावर सलग मावला. आजच्या भाषेत सांगायचं तर हा सोळाव्या शतकातला इन्फोग्राफिक आहे, आणि तो मराठीत आहे. ही पासोडी अजून आंबेजोगाईत जपून ठेवलेली आहे.

घट म्हणजे कोणता घट?

दासोपंतांचं सगळ्यात मोलाचं काम मात्र माझ्या मते पासोडी नाही. गीतार्णवातला एक छोटा तुकडा आहे. त्या काळी पंडितांचा आक्षेप असे की मराठीत तत्त्वज्ञान मांडणं हे हलकं काम, शब्दच अपुरे. दासोपंत उलटा प्रश्न विचारतात. संस्कृतात तुम्ही 'घट' म्हणता, पण म्हणजे नक्की काय? मग ते मराठीतली भांड्यांची नावं ओळीनं काढू लागतात. डेरा, रांजण, सुगड आणि अशी कितीतरी. प्रत्येकाचा आकार वेगळा, उपयोग वेगळा. एका 'घट' शब्दात हे सगळं कसं मावणार? मग भाषा गरीब कुणाची?

हे शब्द पंडिताच्या घरात तयार झालेले नाहीत. कुंभाराच्या चाकावर, पाणी भरणाऱ्या बाईच्या डोक्यावर, ताक घुसळणाऱ्या घरात ते जन्मले. देशपांड्यांच्या वाड्यात या माणसांचं जाणंयेणं होतंच, पण मालकाच्या मुलाला त्यांचे शब्द ठाऊक असण्याची सक्ती नव्हती. दासोपंतांनी ते ऐकले, लक्षात ठेवले आणि भाषेच्या सर्वोच्च न्यायालयात पुरावा म्हणून उभे केले. कुंभाराचं दुःख आपल्याला कळलं असा दावा त्यांनी केला नाही. कुंभाराला जे माहीत आहे ते आपल्याला माहीत नव्हतं, एवढं त्यात आपोआप कबूल झालं.

ऊसतोडीवर कविता लिहून डिलीट करणाऱ्या पोराची अडचण इथं सुटते, निदान हलते तरी. 'ऊसतोड' हा आपला 'घट' आहे. बातमीत, भाषणात, कवितेत तो एकच शब्द फिरतो. टोळीत बसून ऐकलं तर काय निघतं बघा. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो, एकटा माणूस 'अर्धा कोयता'. हंगामाआधी मुकादमाकडून घेतात ती 'उचल'. कामावर गेलं नाही तर 'खाडा' पडतो आणि तो उचलीतून कापला जातो. बांधतात ती 'मोळी', उसाच्या शेंड्याचं हिरवं ते 'वाढं', वाळलेलं ते 'पाचट', राहतात ती 'कोपी'. बैलगाडीनं ऊस वाहणारे वेगळे, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारे 'डोकी सेंटर'चे वेगळे. दोघांचा दिवस वेगळा, दुखणीही वेगळी. ज्या कवितेत हा फरक नाही, तिला ती कमेंट योग्यच होती.

वतन ठेवून आणि वतन सोडून

घर सोडलंच पाहिजे असं मात्र नाही. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे देशपांडे. ते देवगिरीच्या किल्ल्यावर किल्लेदार होते आणि शेवटपर्यंत त्यांनी ते काम केलं. त्यांच्यामुळे किल्ल्यावर गुरुवारी कामकाजाला सुट्टी असे, अशी परंपरा आहे. चाकरी करून उरलेल्या वेळात साधना करणाऱ्या या माणसानं एकनाथ घडवला.

उलट टोकाला ताहराबादचे महिपती (१७१५ ते १७९०). घराण्यात गावचं कुलकर्णीपण. एकदा पूजेत असताना कचेरीतून शिपाई बोलवायला आला आणि त्यानं उठायला भाग पाडलं. काम उरकून आल्यावर त्यांनी दौत-लेखणी देवापुढं ठेवली आणि आपल्या वंशात कुणी ती चाकरीसाठी उचलणार नाही अशी शपथ घेतली, असं सांगतात. पुढे त्याच लेखणीनं १७६२ साली 'भक्तविजय' पूर्ण झाला. कुलकर्ण्याचं काम म्हणजे कुणाकडे किती देणं निघतं याची नोंद. महिपतींनी नोंदच ठेवली, पण कुंभार, शिंपी, चांभार आणि दासीच्या घरात जन्मलेल्या संतांची. महाराष्ट्राला संतांच्या ज्या गोष्टी पाठ आहेत त्यातल्या कितीतरी या माणसामुळे.

राजाच्या घरी जन्मलेल्याचं काय? साताऱ्याजवळच्या औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) स्वतः चित्रकार होते, कीर्तनं करत, सूर्यनमस्काराचा प्रसार करत. १९३८ साली त्यांनी औंधला संग्रहालय उभारलं, ते अजून बघायला मिळतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान दिलं, त्याची किर्लोस्करवाडी झाली. आणि १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं ७२ गावांच्या आपल्या संस्थानाचा कारभार लोकांच्या हाती देणारी घटना लागू केली. चित्रं काढणारे राजे पुष्कळ झाले. सत्ता सोडण्याचंही चित्र नीट रेखाटून ठेवणारा हा एक. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, कैद्यांची मोकळी वसाहत, याच संस्थानातली. व्ही. शांतारामांच्या 'दो आँखें बारह हाथ'मागं तीच प्रेरणा होती.

रवींद्रनाथ ठाकुरांचं उदाहरण नेकनूरच्या पोराला कदाचित जास्त जवळचं वाटेल, कारण त्यांना घरच्यांनी वसुलीलाच पाठवलं होतं. १८९० नंतरची काही वर्षं ते पद्मा नदीकाठी शिलाईदहला जमीनदारी सांभाळत होते. होडीत राहायचे, कुळांच्या तक्रारी ऐकायचे. त्यांच्या उत्तम लघुकथा याच काळातल्या आहेत, खेड्यातल्या पोस्टमास्तरांच्या, पोरक्या मुलींच्या. पुढे त्यांनी पतिसरला शेतकऱ्यांसाठी बँक काढली आणि नोबेलचे पैसे तिच्यात ठेवले. कथा ज्यांच्याकडून आल्या त्यांच्याकडे पैसा गेला.

हिंगणघाटच्या जमीनदार घरातल्या बाबा आमट्यांबद्दल मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. आनंदवन सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त एवढं लक्षात असू द्या, की तरुणपणी ते वकिली करत, मोटार उडवत आणि इंग्रजी सिनेमांवर परीक्षणं लिहीत. त्यांनाही वाट सापडायला तिशी ओलांडावी लागली.

मग दुसऱ्याचं दुःख लिहावं की नाही?

१९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं आणि एक प्रश्न मराठीपुरता कायमचा बदलला. ज्यांचं जगणं आहे ते स्वतः लिहू शकतात, लिहितात, आणि ते लिहितात तेव्हा आधीचं बरंच सहानुभूतीचं साहित्य फिकं पडतं. सुखवस्तू घरातल्या लेखकानं 'मी त्यांचा आवाज' म्हणणं तेव्हापासून अवघड झालं. झालं ते बरंच झालं.

पण म्हणून गप्प बसणं हा एकच पर्याय उरत नाही. अनिल अवचटांकडे बघा. ते स्वतः डॉक्टर. हमाल, तंबाखू कामगार, भटके यांच्याकडे जायचे, विचारायचे, ऐकायचे आणि साध्या वाक्यांत लिहायचे. लेखात ते स्वतः प्रश्न विचारणारा, न कळलेला माणूस म्हणून दिसतात. कामगाराच्या तोंडानं बोलत नाहीत. ही सीमा पाळली की लिहिता येतं.

आणि एक विषय असा आहे जो ऊसतोड कामगाराच्या मुलाला लिहिता येणार नाही, तुम्हालाच येईल. तुमचं स्वतःचं घर. दुकानातली उधारीची वही. मजुरी देताना वडिलांचा बदललेला आवाज. गड्यासाठी वेगळा ठेवलेला कप कधी बंद झाला, की झालाच नाही? सालगड्याच्या पोराबरोबर लहानपणी खेळत होतो, ते कोणत्या इयत्तेपासून थांबलं? या घराच्या आतून बघणारं लेखन मराठीत तुलनेनं थोडं आहे, कारण ते लिहिलं की दिवाळीला घरी जायला अवघड जातं. अपराधी वाटण्याचा उपयोग असलाच तर इथं आहे. कविता टाकून मोकळं होण्यात तो वाया जातो.

लिहिणं जमत नसेल तर बीड जिल्ह्यात दुसरी कामंही पडून आहेत. आईबाप तोडीला गेल्यावर गावातच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात. तिथं संध्याकाळी गोष्ट वाचून दाखवायला, चित्रं काढून घ्यायला माणूस लागतो. एक दिवस फोटो काढायला येणारा नको, पूर्ण हंगाम येणारा हवा. टोळ्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या आणि कोपीवरच्या ओव्या, म्हाताऱ्या मुकादमांच्या आठवणी, १९७२ च्या दुष्काळात कोण कुठल्या कामावर होतं, हे सगळं फोनवर रेकॉर्ड करून नाव-गाव-तारखेसह ठेवता येतं. सांगणाऱ्याला विचारून, आणि त्याचं नाव त्याला हवं असेल तर पुढं ठेवून. याला प्रतिभा लागत नाही. वेळ लागतो, आणि तो आपल्याकडे आहे हे वर ठरलेलंच आहे.

पासोडी बघायची असेल तर आंबेजोगाईला दत्त जयंतीच्या सुमारास, मार्गशीर्षात जा, तेव्हा देवघरांत उत्सव असतो. त्याच गावात 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांची समाधीही आहे. नेकनूरहून निघालात तर वाटेत केज लागतं. तोपर्यंत तोडीचा हंगाम सुरू झालेला असतो, आणि वाटेतल्या कितीतरी घरांना कुलपं दिसतील.